छत्रीच्या खालची बाजू

प्रस्तावना

तुम्ही भारताच्या कोणत्याही भागात राहत असा, पावसानंतर ओल्या जमिनीतून एका रात्रीत वर आलेल्या छत्र्या तुम्ही नक्कीच पाहिल्या असतील. शेताच्या बांधावर, गवतात, शेणावर, कुजक्या ओंडक्यावर त्या उगवतात आणि दोन-चार दिवसांत नाहीशा होतात. कोणी त्यांना भूछत्र म्हणतात, कोणी अळंबी. तर कोणी कुत्र्याची छत्री म्हणून पायाने उडवून देतात. प्रस्तुत पाठाचा लेखक या छत्र्यांची छायाचित्रे काढणारा एक हौशी माणूस आहे. छायाचित्र काढता काढता तो पाहायला कसा शिकला आणि मध्येच त्याच्या हातून कोणती चूक घडली, हे त्याने या ललित लेखात सांगितले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला भूछत्राचे भाग आणि त्यांचे कार्य आपल्या शब्दांत सांगता येईल, निरीक्षण आणि अनुमान यांतील फरक ओळखता येईल, ‘दिसणे’ आणि ‘असणे’ या क्रियापदांचा अर्थभेद जाणून ती लेखनात योग्य जागी वापरता येतील.

मूळ पाठ

हस्ताचा पाऊस गडगडाट करीत येतो आणि तसाच निघून जातो. त्यानंतरचे चार-सहा दिवस कोकणात मोठे विलक्षण असतात. भात लोंबीला आलेले असते, कातळावरचे गवत अजून हिरवे असले तरी टोकाशी पिवळे पडू लागलेले असते, आणि सकाळी बांधावरून चालताना पाय घोट्यापर्यंत दवाने भिजतात. आश्विनातील या दिवसांत मी गेली कित्येक वर्षे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या गावी जातो. मी नवरात्रासाठी येतो, अशी घरच्यांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. मी जातो तो भूछत्रांसाठी.

या छत्र्यांना नावे पुष्कळ आहेत. गोव्यात अळमी, कोकणात अळंबी, विदर्भात सात्या. संस्कृतात त्यांना शिलींध्र असा देखणा शब्द आहे. मेघाची गर्जना ऐकून धरणीतून शिलींध्रे वर येतात, असे वर्णन कालिदासाने ‘मेघदूता’त केले आहे. गडगडाटाने अळंबी फुटते, असे आमच्या गावातही म्हणतात. कालिदासाने ते कोणा गावकऱ्याकडून ऐकले असेल काय, असा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे.

आपण ज्याला भूछत्र म्हणतो ते खरे पाहता त्या जीवाचे केवळ फळ. आंब्याचे सगळे झाड जमिनीखाली पसरले असते आणि वर फक्त आंबा आला असता, तर आपण त्या आंब्यालाच झाड समजलो असतो; तसे हे आहे. मूळ जीव म्हणजे मातीत किंवा लाकडात पसरलेले, सुताहून बारीक अशा तंतूंचे जाळे. त्याला कवकजाल म्हणतात. हे जाळे वर्षभर आपले काम करीत असते: पाने, काड्या, शेण कुजवून त्यांतील सत्त्व पुन्हा मातीला मिळवून देते. ओल आणि उष्णता जुळून आली की ते छत्र वर पाठवते. छत्राच्या पोटाशी वहीच्या पानांसारखे पातळ पडदे असतात आणि त्या पडद्यांवर बीजाणू तयार होतात. डोळ्यांना एकेकटे न दिसणारे हे बीजाणू वाऱ्यावर सोडणे, एवढेच त्या छत्राचे काम. कवकांना आपण बरीच वर्षे वनस्पती मानत आलो. १९६९ साली व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी मांडली, तेव्हा त्यात कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली. त्यांच्या पेशींच्या भिंती ज्या द्रव्याच्या असतात तेच द्रव्य खेकड्याच्या आणि झुरळाच्या कवचातही सापडते. हे कळले तेव्हा मला भूछत्राकडे पाहून क्षणभर चमत्कारिक वाटले, हे कबूल केले पाहिजे.

मी छायाचित्रे काढू लागलो ते १९९६ साली. त्या वेळी कॅमेऱ्यात छत्तीस चित्रांचा रोल असे, तो धुवून येईपर्यंत आठवडा जाई, आणि प्रत्येक चित्राला पैसे पडत. त्यामुळे मी उभ्यानेच, नीट बेतून, एका छत्रीचे एक चित्र काढत असे. पहिल्या वर्षीची चित्रे घेऊन मी मोठ्या उत्साहाने आत्याकडे गेलो. आत्या म्हणजे आमच्या घरातील अळंबीची जाणकार. तिने पडवीत बसून एकेक चित्र उजेडात धरले, पाहिले आणि माझ्या हातात परत दिले.

‘‘वरसून बघून काय कळतला रे? खालसून बघ,’’ ती म्हणाली.

वरून पाहून काय कळणार, खालून बघ. माझी सगळी चित्रे वरून काढलेली होती. त्यांत छत्र्या होत्या, पण नुसत्या टोप्या. देठ कसा आहे, पडद्यांचा रंग कोणता, बुडाशी काय आहे, यांतले काहीही त्यांत नव्हते. गर्दीतल्या माणसांचे गच्चीवरून चित्र काढावे आणि ही आमची माणसे म्हणून दाखवावे, तशी ती चित्रे होती.

तेव्हापासून मी गुडघे टेकायला शिकलो. पुढे पालथे पडायलाही शिकलो. जमिनीला कान लावून पाहिले की शेत वेगळेच दिसते. गवताच्या काडीचा खांब होतो, गोगलगाय ही चालती टेकडी होते, आणि तांदळाच्या दाण्याएवढी छत्रीसुद्धा मांडवासारखी उभी राहते. एकदा पेंढ्याच्या कुजक्या काड्यांवर मला इवल्याशा वाट्या सापडल्या. प्रत्येक वाटीत चार-पाच करडी अंडी. हे घरटे-कवक. पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की त्या आघाताने अंडी उडून हात-दोन हात दूर जाऊन पडतात. त्या अंड्यांत बीजाणू असतात. उभ्या माणसाला ही वाटी मातीचा कण वाटेल.

माझी सर्वांत आवडती म्हणजे शाईची छत्री. ती शेणखताच्या ढिगावर येते. पहाटे घंटेसारखी मिटलेली, करड्या रंगाची, कडेला बारीक रेघा असलेली. ऊन चढू लागले की तिची कड वर वळते, काळी पडते आणि विरघळून थेंब थेंब गळू लागते. दुपारपर्यंत देठावर काळ्या चिंध्या उरतात. ही छत्री स्वतःलाच पचवते. कडेपासून विरघळत जाताना तिचे पडदे एकमेकांपासून मोकळे होतात आणि बीजाणू उडायला वाट मिळते. पूर्वी या काळ्या रसाने लिहीतही असत. एका सकाळी मी खताच्या ढिगाशेजारी साडेसहा ते साडेअकरा बसून एकाच छत्रीची चित्रे काढली. जाणारे-येणारे थांबून विचारत होते, काही हरवले का? त्या दिवशी माझा एक अख्खा रोल संपला आणि खिशातले पैसेही.

पाठगत प्रश्न

लेखकाच्या पहिल्या वर्षीच्या चित्रांत कोणती उणीव होती? ती आत्याने कशी दाखवून दिली? भूछत्राला लेखक ‘फळ’ का म्हणतो?

मूळ पाठ (पुढे चालू)

आता त्या चुकीविषयी.

२०१९ साली पाऊस ऑक्टोबर उजाडला तरी हटत नव्हता. मी तेव्हा शहरात, नोकरीच्या गावी होतो. एका रविवारी सकाळी मावसभावाने मोबाइलवर एक चित्र पाठवले. त्याच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत, गवतात, पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचे एक वर्तुळच्या वर्तुळ उगवले होते. मोठाल्या, ताटलीएवढ्या छत्र्या, मध्यभागी बदामी खवले, आणि मधूनमधून लहान गोल कळ्या. चित्र सुरेख होते. खाली त्याने लिहिले होते, ‘दादा, ही खायची का?’

माझ्यामागे तेव्हा तेवीस वर्षांचा अनुभव होता. निदान मला तसे वाटत होते. चित्राकडे पाहताच मला आत्याच्या परसामागची वारुळाची अळंबी आठवली, तिच्या कालवणाचा वास आठवला, आणि मी उत्तर पाठवले, ‘वारुळाच्या अळंबीसारखी दिसतात.’

दिसतात, असेच मी लिहिले होते. ‘आहेत’ असे लिहिले नव्हते. पण मावसभावाने ‘आहेत’ असे वाचले, आणि खरे सांगायचे तर लिहिताना माझ्याही मनात तेच होते. दुपारी एक वाजता त्यांच्या घरी जेवणे झाली. साडेतीनच्या सुमारास त्याच्या मुलीला उलट्या सुरू झाल्या, मग त्याच्या पत्नीला, मग त्याला स्वतःला. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. शेजाऱ्यांनी तिघांना इस्पितळात नेले. तेथील डॉक्टरांनी मोबाइलमधील ते सुरेख चित्र पाहिले आणि विचारले, ‘‘खालच्या बाजूचे चित्र आहे का?’’

ते नव्हते. आत्याने १९९६ साली विचारलेला प्रश्न पुन्हा माझ्यापुढे उभा राहिला, आणि या वेळी पडवीत बसून नव्हे.

तिघेही दोन दिवसांत बरी होऊन घरी आली. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. मी सोमवारी पहाटेच्या गाडीने तेथे पोहोचलो आणि आधी त्या मोकळ्या जागेत गेलो. वर्तुळातल्या सात-आठ छत्र्या अजून उभ्या होत्या. मी गवतात पालथा पडून खालून पाहिले. कोवळ्या छत्रीचे पडदे पांढरे होते; पण पुरत्या उघडलेल्या छत्रीचे पडदे करडे-हिरवट झालेले होते. देठावर वर-खाली सरकणारे एक कडे होते. बुडाशी देठ किंचित फुगलेला, आणि त्याखाली मूळ असे काहीच नव्हते.

मी लगेच त्याचे चित्र काढले आणि पडद्यावर पाहिले. पडदे जवळजवळ पांढरेच दिसत होते! मोबाइलमध्ये रंग आपोआप सुधारण्याची सोय असते. भोवतालच्या गवताचा हिरवा रंग कमी करताना तिने पडद्यांवरचा हिरवटपणाही पुसून टाकला होता. याच्या उलटही घडते. दाट गवतात खऱ्याखुऱ्या पांढऱ्या पडद्यांवर गवताचा उजेड परावर्तित होतो आणि ते चित्रात हिरवे दिसतात. म्हणजे ज्या एका खुणेवर सारे अवलंबून होते, तीच खूण माझ्या कॅमेऱ्याला धड सांगता येत नव्हती.

मग मी एक छत्री घरी आणली. देठ कापून टोपी कागदावर पालथी ठेवली. कागद निम्मा पांढरा, निम्मा काळा. कारण बीजाणू पांढरे असले तर ते काळ्यावर दिसावेत आणि गडद असले तर पांढऱ्यावर. वरून वाडगे झाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी उचलली, तो कागदावर तिच्या पडद्यांचा हुबेहूब ठसा उमटलेला होता, चाकाच्या आऱ्यांसारखा. रंग शेवाळी हिरवा. एलियास फ्रीस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२१ पासून पुढे कवकांचे वर्गीकरण केले, ते बऱ्याच अंशी बीजाणूंच्या या रंगावर. हिरवा ठसा अगदी थोड्या भूछत्रांचा असतो. ही क्लोरोफिलम मोलिब्डायटिस नावाची विषारी छत्री होती. उष्ण प्रदेशांत ती गवताळ जागी, बागांत, क्रीडांगणांवर सर्रास येते, आणि दिसायला इतकी देखणी असते की पुष्कळ देशांत लोक तिला फसतात.

वारुळाची अळंबी यापासून किती वेगळी आहे, हे मी त्यानंतर नव्याने समजून घेतले. तिचे शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस; रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते १९४२ साली दिले. ही अळंबी वाळवीच्या शेतात पिकते, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. वाळवीचे कामकरी पाला, काटक्या, गवत खाऊन आणतात आणि त्याच्या अर्धवट पचलेल्या लगद्याची जमिनीखाली मधाच्या पोळ्यासारखी रचना करतात. तिच्यावर हे कवक वाढते, लगदा पचवून मऊ करते, आणि वाळवी ते खाते. माणूस शेती करू लागला त्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून हे चालले आहे. पावसाळ्यात या जमिनीखालच्या शेतातून अळंबीचा देठ वर निघतो. टोपीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो, त्याने ती माती फोडते. म्हणून ही अळंबी उकरत गेले तर देठ खाली मुळासारखा बारीक होत जातो, कधी हातभर खोल, आणि वाळवीच्या पोळ्याशी जाऊन पोहोचतो. वारूळ वर दिसतेच असे नाही. तिचे पडदे पांढरे ते गुलाबीसर असतात आणि ठसा गुलाबी येतो. आत्याला ठसा वगैरे काही माहीत नाही. तिला जागा माहीत आहे. ठरलेल्या पाच जागांवाचून तिने आजवर कोठलीही अळंबी उचललेली नाही, आणि माझ्या चित्रात जागाच नव्हती.

त्यानंतर मी चित्रे काढण्याची रीत बदलली. आता एका भूछत्राची किमान पाच चित्रे मी घेतो. पहिले चित्र दुरून, ज्यात जागा दिसेल: गवत आहे की शेण, कोणते झाड जवळ आहे, छत्र्या एकेकट्या आहेत की घोळक्याने. दुसरे बाजूने, टोपीच्या पातळीवर कॅमेरा आणून. मोबाइल असेल तर तो उलटा धरावा, म्हणजे त्याचे भिंग जमिनीलगत येते. खाली तांदूळ भरलेली छोटी पिशवी ठेवली की हात हलत नाही. तिसरे खालून. यासाठी मी खिशात लहान आरसा ठेवतो. आरसा छत्रीखाली सरकवला की ती न उपटता पडदे दिसतात. त्याच्या शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडाही चित्रात येऊ देतो. कागद चित्रात हिरवा दिसला तर पडद्यांचा हिरवेपणाही संशयास्पद, हे लगेच ध्यानी येते. चौथे चित्र बुडाचे, आजूबाजूची माती हलकेच बाजूला करून. छत्र्या पुष्कळ असतील तरच एखादी उचलून उभी चिरतो आणि तिचे पाचवे. एरवी चार चित्रांवर समाधान मानतो. मापासाठी दहा रुपयांचे नाणे. अभयारण्याच्या हद्दीत मात्र मी एकही छत्री उपटत नाही. तेथून काही काढून नेण्याची कायद्याने मनाई आहे.

प्रकाशाची अडचण वेगळीच. पांढरी टोपी गडद गवतात उभी असली की कॅमेरा गवताकडे पाहून प्रकाश वाढवतो आणि टोपीवरचे खवले, रेघा जळून जातात. उरतो एक पांढरा डाग. म्हणून प्रकाशमात्रा हाताने थोडी कमी करावी लागते. ऊन कडक असेल तर मी वरून छत्री धरतो. छत्रीवर छत्री धरून बसलेल्या माणसाला पाहून गुराखी हसतात, आणि हसण्यासारखे ते आहेच.

ही रीत माझी नवी नव्हे. बीॲट्रिक्स पॉटर ही इंग्रज लेखिका आपल्याला ससुल्याच्या गोष्टींमुळे ठाऊक आहे. त्या गोष्टी प्रसिद्ध होण्याआधी ती भूछत्रांची जलरंगांतील चित्रे काढत असे. त्यांत वरचा भाग असे, खालचे पडदे असत, आणि पुष्कळदा उभा चिरलेला अर्धा भागही असे. बीजाणू कसे रुजतात यावरील तिचा निबंध १८९७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीत सादर झाला. स्त्रियांना तेव्हा सभेत प्रवेश नव्हता, म्हणून ती स्वतः तेथे हजर राहू शकली नाही. तिची चित्रे इतकी नेमकी आहेत की त्यांतील एकोणसाठ चित्रे पुढे १९६७ साली कवकांच्या ओळखीच्या एका पुस्तकात वापरली गेली. तिच्याजवळ वेळ होता आणि घाई नव्हती. माझ्याजवळ कॅमेरा होता. या दोन्हींतले अधिक मोलाचे कोणते, याबद्दल आता मला शंका उरलेली नाही.

तरीही पाच चित्रांवरून कोणते भूछत्र खाण्याजोगे आहे ते ठरते काय? नाही. मोबाइलमध्ये चित्र दाखवताच नाव सांगणाऱ्या सोयी आता आल्या आहेत. अभ्यासाला त्या उपयोगी पडतात. पण त्यांनी सांगितलेले नाव म्हणजे पुन्हा ‘दिसते’च. चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, किड्यांनी कुरतडले असेल तर निर्धोक, उकळले की विष जाते, असे पुष्कळ समज प्रचलित आहेत. त्यांतला एकही खरा नाही. आपल्याला मारणारे भूछत्र गोगलगाय सुखाने खाते. सर्वांत घातक जातींतील विष शिजवूनही जात नाही, आणि त्याची लक्षणे सहा तास किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात. उलट्या थांबतात, माणसाला बरे वाटू लागते, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असते. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामच्या पूर्व भागात रानातील भूछत्रे खाऊन तेरा जण दगावले. त्यांत चहामळ्यांतील कुटुंबे होती, एक लहान मुलगीही होती. त्यांनाही ती भूछत्रे ओळखीची वाटली असतील. भूछत्र खाल्ल्यावर कोणाला त्रास झालाच, तर बरे वाटेल म्हणून वाट न पाहता इस्पितळ गाठावे आणि उरलेली भूछत्रे, शिजलेली किंवा कच्ची, बरोबर न्यावीत. किती वाजता खाल्ले आणि किती वाजता त्रास सुरू झाला, हे डॉक्टरांना नेमके सांगावे. माझ्या मावसभावाच्या शेजारणीने घाईतही कालवणाचे भांडे पिशवीत घालून नेले होते. त्या दिवशी आमच्यांतले शहाणपण तेवढेच.

मावसभावाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याची मुलगी आता मोठी झाली आहे. कॅमेरा दिसला की ती म्हणते, ‘‘काका, खालून काढा हं.’’

गेल्या आश्विनात आत्या माझ्याबरोबर बांधापर्यंत आली. ती आता वाकू शकत नाही. मेरेच्या कडेला एक फिकट पिवळी छत्री उगवली होती, दवाने ओली. मी आरसा तिच्याखाली सरकवला आणि मोबाइलवर उमटलेले चित्र मोठे करून आत्यापुढे धरले. इतकी वर्षे अळंबी हाताळलेल्या त्या बाईने आरशातले पडदे बराच वेळ निरखले. मग देठाकडे, मग बांधाकडे, मग पलीकडच्या आंब्याकडे पाहिले.

‘‘माका म्हायत नाय,’’ ती म्हणाली.

मला माहीत नाही. मी वहीत तारीख लिहिली, जागा लिहिली, पडद्यांचा रंग लिहिला. नावाची जागा कोरी ठेवली. ऊन चढायच्या आत पुढच्या बांधावर जायचे होते.

शब्दार्थ

कातळ – कोकणातील जांभ्या दगडाचे सपाट पठार. लोंबी – भाताचे कणीस. मेर – शेताची कड, बांध. पडवी – घराच्या पुढील किंवा बाजूची उतरत्या छपराची जागा. कवकजाल – कवकाच्या तंतूंचे जाळे. बीजाणू – ज्यापासून नवे कवक रुजते तो सूक्ष्म कण. कालवण – भाताबरोबर खाण्याचे पातळ तोंडीलावणे. प्रकाशमात्रा – चित्र घेताना कॅमेऱ्यात येणाऱ्या उजेडाचे प्रमाण. खालसून, वरसून – (मालवणी बोली) खालून, वरून. म्हायत – (मालवणी बोली) माहीत.

स्वाध्याय

१. ‘दिसतात, असेच मी लिहिले होते. ‘आहेत’ असे लिहिले नव्हते.’ या दोन वाक्यांतून लेखक स्वतःचा बचाव करतो की चूक कबूल करतो? तुमचे मत पाठातील आधार देऊन लिहा.

२. वारुळाची अळंबी आणि मोकळ्या जागेत उगवलेली छत्री यांच्यातील फरक पडदे, देठ, बूड आणि बीजाणूंचा ठसा या मुद्द्यांवरून स्पष्ट करा.

३. पुढील वाक्यांत ‘दिसणे’ आणि ‘असणे’ यांपैकी योग्य क्रियापद वापरा व निवडीचे कारण सांगा. (अ) दुरून ते पाणी खोल ……, पण कोणी उतरून पाहिलेले नाही. (आ) मी मोजले आहे. या पोत्यात पन्नास किलो तांदूळ …….

४. ‘चालती टेकडी’, ‘चाकाच्या आऱ्यांसारखा’, ‘मांडवासारखी’ हे शब्दप्रयोग पाठात कशाकशाला उद्देशून आले आहेत? त्यांमुळे वर्णनात काय भर पडते?

५. आत्याची दोन वाक्ये मालवणी बोलीत आहेत. ती प्रमाण मराठीत लिहा. तुमच्या घरी किंवा परिसरात बोलल्या जाणाऱ्या बोलीत अथवा भाषेत ती कशी म्हटली जातील, तेही लिहा.

६. तुमच्या घराजवळ उगवलेली एखादी वनस्पती किंवा भूछत्र निवडा. त्याला हात न लावता जागा, वेळ, आकार, रंग यांची आठ-दहा ओळींत नोंद करा. नाव ठाऊक नसेल तर नावाची जागा कोरी सोडा.